छाती कोरडी होईपर्यंत

मोहोराच्या दिवसांत आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला औषधाचा वास यायचा. बाबांच्या टोपीला, दोरीवरच्या टॉवेलला, अंथरुणाला, आणि कधी कधी आई थापत असलेल्या तांदळाच्या भाकरीलासुद्धा तो येतोय असं मला वाटायचं. कुजलेल्या लसणीसारखा वास, पण त्याच्या मागे काहीतरी तेलकट, डोक्यात चढणारं. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडतात, ते मारायचं ते औषध. विष हा शब्द त्या डब्याबद्दल घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. डब्यावर कवटी छापलेली असायची, पण तो रिकामा झाला की आई राखेनं घासायची आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला घ्यायची. आज माणगावात माझं औषधांचं दुकान आहे, ते आता मुलगा सांभाळतो. पण अजूनही कुणी शेतकरी सहज बोलताना "औषध मारून आलो" म्हणाला की मी त्याच्या डोळ्यांकडे बघते. बाहुल्या बघते. ती सवय मला कशी लागली, ते इथे लिहायचं आहे.

आमचं आंबेकोंड ही छोटी वाडी दिघीच्या रस्त्याला, खाडीपासून थोडं आत. खाडी घरातून दिसत नसे, पण वारा तसा असला की लाँचच्या इंजिनाचा ठकठक आवाज ओटीवर ऐकू यायचा. पावसाळ्यात भात, भात कापून झालं की त्याच जमिनीत वाल, आणि मोहोर आला की बाबा इब्राहिमचाचांच्या आमराईत फवारणीला जायचे. चाचांच्या बागा खाडीपर्यंत उतरत गेलेल्या होत्या. बाबा सकाळी पेज पिऊन निघायचे. पेजेबरोबर भाजलेलं सुकट आणि लोणच्याची फोड. आई चुलीपुढे बसून त्यांच्याकडे न बघताच म्हणायची, "वारा अंगावर घेऊन मारू नका." बाबा "व्हय" म्हणायचे. हे रोज ठरल्यासारखं व्हायचं आणि बाबा रोज वारा अंगावर घ्यायचे, कारण झाड ज्या बाजूनं मारायचं त्या बाजूनंच मारावं लागतं.

घराच्या दुसऱ्या अर्ध्यात मोठे काका राहायचे. मुंबईला गोदीत नोकरी करून ते गावी परतले होते. काकी वारल्या होत्या, मुलं मुंबईला, म्हणून जेवायला आमच्याकडे. घरातला शब्द त्यांचा. आई त्यांच्यासमोर पदर पुढे ओढायची आणि त्यांच्याशी थेट कधी बोलायची नाही. "सुमे, काकांना सांग पान वाढलंय," असं मला म्हणायची. काका दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांना ते ऐकू गेलेलं असायचं, तरी मी पुन्हा सांगितल्याशिवाय ते उठायचे नाहीत. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी बारावीला होते, रोज एसटीनं बोर्लीला जायचे, आणि पुढे काय करायचं याचा विचार माझ्या मनात असा नव्हताच.

तो रविवार होता म्हणून बाबांचं जेवण घेऊन मी गेले. भाकरी आणि वालाचं बिरडं. बागेत शिरले तर पंपाचं इंजिन चालू होतं, नळी जमिनीवर सापासारखी हलत होती आणि तिच्या तोंडातून औषध मातीत सांडत होतं. बाबा एका आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून बसले होते. त्यांचा शर्ट ओलाचिंब होता. मागाहून कळलं की नळीचा जोड सकाळीच सुटला होता आणि औषध खांद्यापासून कमरेपर्यंत अंगावर आलं होतं. बाबांनी जोड तारेनं बांधला आणि तसेच काम करत राहिले. ऊन चढलं होतं, ओला शर्ट गार लागत होता, म्हणून तो काढलाही नाही.

"मळमळतंय जरा," ते म्हणाले. तोंडातून लाळ गळत होती आणि ती त्यांना कळत नव्हती. ती हनुवटीवरून छातीवर येत होती. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं, जसं गुरांच्या अंगावर माशी बसली की उडतं. मी डबा खाली ठेवला आणि चाचांना हाका मारत पळाले.

चाचांनी टेम्पो काढला. सत्तरीला आलेला माणूस, पण बाबांना त्यांनी एकट्यानं उचलून आत घातलं. वाटेत बाबांना उलटी झाली, कपड्यात सगळं झालं, आणि श्वास घेताना घशात पाणी गुरगुरल्यासारखा आवाज येऊ लागला. चाचा गाडी चालवता चालवता मोठ्यानं दुवा मागत होते. आईला घ्यायला गाडी कोंडात थांबली तेव्हा ती चुलीपुढून उठून आली ती हाताला पीठ असतानाच.

सरकारी दवाखान्यात नवीन आलेल्या डॉक्टर माने नावाच्या बाई होत्या. घाटावरच्या, वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी बाबांच्या शर्टाचा वास घेतला, बॅटरी मारून डोळे बघितले आणि मला जवळ बोलावलं. "बघ. बाहुली केवढी आहे?" बाबांच्या डोळ्यांत बाहुली जवळजवळ नव्हतीच. टाचणीचं टोक असावं तेवढी. "काय फवारत होते?" मी नाव सांगितलं, डब्यावर वाचलेलं होतं. मग त्यांनी सगळे कपडे कापून काढायला लावले आणि आईला व मला साबण दिला. "केस, नखं, काख, सगळं धुवा. अंगावर आहे तोवर ते आत जात राहणार." आम्ही धूत होतो आणि तेवढ्यात त्यांनी हाताच्या शिरेत सुई लावून पहिलं इंजेक्शन दिलं. थोडं थांबल्या, छातीला नळी लावून ऐकलं, आणि दुप्पट दिलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा वाढवलं. फोडलेल्या काचेच्या छोट्या नळ्या ट्रेमध्ये पडल्याचा टिक टिक आवाज येत होता. आई भिंतीशी उभी राहून त्या आवाजाकडेच लक्ष देत होती.

"कधी थांबायचं?" चाचांनी विचारलं.

"छाती कोरडी होईपर्यंत थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्या फवारणीनं अंगातले सगळे नळ एकदम उघडलेत. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी, छातीत पाणी. माणूस आपल्याच पाण्यात बुडतो. हे इंजेक्शन ते नळ बंद करतं."

त्या औषधाचं नाव ॲट्रोपिन. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांच्या मुळापानांतून ते निघतं. पुढे शिकताना मला कळलं की तेच औषध थेंबभर डोळ्यात घालून बाहुली मोठी करतात, ऑपरेशनच्या आधी लाळ सुकवायला देतात, आणि हृदयाचे ठोके फार मंदावले तर तेही त्यानं उठतात. जे थोडं दिलं तर उपयोगी आणि जास्त दिलं तर घातक, ते बाबांना मात्र पोतं रितं केल्यासारखं द्यावं लागत होतं, कारण आत दुसरं विष त्याच्याविरुद्ध उभं होतं. त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं की बाबांचं तोंड हळूहळू सुकतंय. आई पदरानं लाळ पुसत होती, आणि एका वेळेला तिनं पुसायला हात नेला तर पुसायला काही नव्हतंच. घशातली गुरगुर थांबली. चेहरा लाल झाला. बाईंनी छाती ऐकली, पाठ ऐकली आणि स्टुलावर बसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच बसल्या.

संध्याकाळी बाबांना भ्रम झाला. ते उठून बसायला बघत होते आणि छताकडे बोट करून ओरडत होते, "सुमे, नळी धर, वरचा शेंडा राहिलाय." हात हलवून ते छतावर फवारत होते. मग चादरीवरून काहीतरी वेचायला लागले, चिमटीत धरून नीट बघायचे, टाकून द्यायचे. तुडतुडे वेचत होते. मला त्यांनी ओळखलं, पण आईला ओळखलं नाही. तिला ते "कोण बाई तू, बागेत कशी आलीस" म्हणाले. आई म्हणाली, "पाणी द्यायला आलेय." आणि भिजवलेला कापूस त्यांच्या ओठाला लावला. डॉक्टर बाईंनी सांगितलं की हा इंजेक्शनचाच परिणाम आहे, थोडं कमी करून बघू, पण बंद करता येणार नाही. सिस्टरनं आणि मी मिळून बाबांचे हात मऊ कापडानं खाटेला बांधले.

सकाळी काका जीप घेऊन आले. बरोबर भावकीतले लोक. दारातून त्यांनी बघितलं ते हात बांधलेला, लालबुंद झालेला, छताशी बोलणारा त्यांचा भाऊ. काल ते बाहेरगावी गेले होते, त्यामुळे काल काय होतं ते त्यांनी बघितलेलं नव्हतं. त्यांनी सिस्टरला विचारलं, कसलं औषध देता, आणि तिनं बिचारीनं खरं सांगितलं, की धोतऱ्यासारख्या झाडाचं असतं.

काका बाहेर व्हरांड्यात आले. "धोतरा," ते म्हणाले. "धोतऱ्यानं माणूस येडा व्हतो हे शेंबड्या पोरालाही ठावं हाय. इखावर इख घालतायत. उचला त्याला, मुंबयला न्हेऊ."

डॉक्टर बाई आतून आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "तुम्हाला राग येतोय ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "मलाही त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला आवडलं असतं. पण हे इंजेक्शन वाटेत सतत द्यावं लागेल. दवाखान्याची गाडी नादुरुस्त आहे, आणि जीपमध्ये ते कोण देणार? मध्येच थांबलं तर छाती पुन्हा भरेल. माणगावसुद्धा गाठता येणार नाही."

"आणि हितं ठेवला तर वाचवाल? लिहून द्याल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खात्री देणार नाही. मी इथून हलणार नाही, एवढं सांगते."

भावकीतले लोक आत जायला निघाले. एकानं खाटेकडे जाऊन कापडाची गाठ सोडायला हात घातला. तेव्हा आई बोलली. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली होती. पदर खांद्यावर होता, पुढे ओढलेला नव्हता, आणि ती काकांकडे सरळ बघत होती.

"भावजी, रस्त्यात सुई कोण देणार?"

काकांना वाटलं ती मला विचारतेय. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी तुमाला इचारतेय," आई म्हणाली. "काल मी यांच्या तोंडातलं पाणी पुसत व्हते. लुगडं भिजलं माझं. ते पाणी या बाईनं थांबवलान. येडे व्हऊ देत. येडे झालेले मी सांभाळीन. पण जीपमदी घालून मेलेले घरी आणणार न्हाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"इतकं कळतं. मी न्हेऊ देणार न्हाय."

गाठ सोडणाऱ्यानं हात मागे घेतला. काका पायऱ्या उतरून जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. ते गेले नाहीत, आतही आले नाहीत. आई वळून पुन्हा बाबांच्या उशाशी गेली.

त्याच वेळी डॉक्टर बाईंनी मला कपाटापाशी नेलं आणि खोका दाखवला. तळाशी थोड्याच नळ्या उरल्या होत्या. त्यांनी पहाटेपासून दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवून बघितलं होतं, तर छातीत पुन्हा बुडबुडे ऐकू आले होते. "बोर्लीच्या दुकानांतलं सगळं काल चाचांनी आणलं. श्रीवर्धनहून इंजेक्शनं घेऊन माणूस निघालाय म्हणतात, पण कधी पोचेल सांगता येत नाही. मुरूडला मी फोन केलाय, तिथल्या दुकानांत मिळेल. खाडी ओलांडून कोण जाईल?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जा तू. पुरुषांना आता इचारत बसू नको."

चाचांनी टेम्पोनं दिघीला सोडलं. आता त्या खाडीत मोठी फेरीबोट आहे, तिच्यावर मोटारी चढतात, पर्यटक उतरून फोटो काढतात. तेव्हा प्रवाशांची साधी लाँच होती आणि ती भरल्याशिवाय सुटायची नाही. चाचा लाँच चालवणाऱ्या तांडेलापाशी गेले, दोन शब्द बोलले, आणि लाँच जवळजवळ रिकामी सुटली. लाँचमध्ये मी, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका आणि एक बकरी. पाण्यात जंजिरा दिसत होता. एरवी मी त्याच्याकडे बघत बसले असते. मी फक्त समोरचा आगरदांड्याचा धक्का बघत होते, तो जवळ येतच नव्हता असं वाटत होतं. बायकांपैकी एकीनं विचारलं, "कुठं चाललीस गो?" मी सांगितलं. धक्का आल्यावर तिनं स्वतःची टोपली बाजूला सारून मला आधी उतरू दिलं आणि वर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला हाक मारून म्हणाली, "हिला आधी न्हे, माझा माल ऱ्हाऊ दे."

मुरूडच्या पहिल्या दुकानात इंजेक्शन होतं, पण थोडं. दुसऱ्यात नव्हतंच. तिसऱ्या दुकानदारानं डॉक्टर बाईंची चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "फवारणी?" मी मान हलवली. तो आत जाऊन होतं नव्हतं ते सगळं घेऊन आला आणि म्हणाला, "गुरांच्या दवाखान्यात जा. त्यांच्याकडे मोठ्या बाटल्या असतात." गुरांचं औषध माणसाला चालेल का, मला धीर होईना. त्यानं दुकानातून आमच्या दवाखान्यात फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. खरखरीतून डॉक्टर बाईंचा आवाज आला. "चालेल. औषध तेच आहे. बाटली बघून मी मोजून देईन. घेऊन ये." गुरांचे डॉक्टर जेवायला बसले होते, ते उष्ट्या हातानं उठले.

परतताना सगळ्या नळ्या आणि गुरांच्या औषधाची बाटली मी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरल्या होत्या. लाँच हेलकावली की मी टॉवेल घट्ट आवळायचे. दिघीच्या धक्क्यावर चाचा टेम्पोचं इंजिन चालू ठेवून उभे होते. दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन कलत होतं. डॉक्टर बाईंनी टॉवेल उलगडला, बाटली उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "आता मला काटकसर करायला नको." मी बाबांच्या खाटेपाशी जमिनीवर बसले आणि तिथेच मला झोप लागली.

पुढचे दिवस औषध हळूहळू उतरवण्यात गेले. थोडं कमी करायचं, छाती ऐकायची, थांबायचं. बाईंनी एकदा छाती ऐकायची नळी माझ्या कानाला लावली. "हे कोरड्या छातीचं. वाऱ्यासारखं ऐकू येतंय ना? हेच ऐकू आलं पाहिजे." मी ऐकत राहिले. बाबांच्या आत वारा चालला होता. आयुष्यात पुढे काय करायचं हे त्या क्षणी ठरलं असं मी म्हणणार नाही, तसं काही ठरत नसतं. पण त्या वर्षी फार्मसीचा अर्ज भरायचा म्हणून मी हट्ट धरला तो तिथूनच आला होता. दुकान टाकल्यापासून मी ते इंजेक्शन कधी संपू दिलं नाही. मुदत उलटली की टाकून द्यावं लागतं, मुलगा कुरकुरतो. मी ऐकत नाही.

काका रोज जीपनं येऊन बाहेरच बसून राहायचे; एका सकाळी ते उतरून आत आले. बाबा शुद्धीवर होते, अशक्त, मान धरवत नव्हती, पण आईच्या हातून पेजेचं पाणी घेत होते. काका खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे काहीतरी निरोप सांगायला पुढे झाले. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि आईला विचारलं, "आज डॉक्टर काय म्हणल्या?" आईनं सांगितलं. सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर घरात ती दोघं एकमेकांशी बोलत असत, अगदी काका जाईपर्यंत.

बाबांना घरी आणलं तेव्हा मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या. त्या साली त्यांना पंप उचलवला नाही. पण पुढच्या वर्षी मोहोर फुटताच त्यांचे पाय चाचांच्या बागेकडे वळायला लागले. दुसरं काम नव्हतं, आणि त्यांना ते काम येत होतं. आईनं नको म्हटलं नाही. ती बोर्लीला गेली, मेणकापड आणलं आणि शेजारच्या मशीनवर बसून गळ्यापासून घोट्यापर्यंतचा अंगरखा शिवला. बाबा म्हणाले, "उकडंल यात." आई म्हणाली, "उकडू दे."

पहिल्या दिवशी ती स्वतः बागेत गेली. साबणाची वडी, पाण्याच्या दोन बादल्या आणि कोरडे कपडे घेऊन पंपाजवळ बसली. बाकीचे फवारणीवाले गालातल्या गालात हसत होते. दुपारच्या सुमारास वारा फिरला आणि बाबांच्या बाहीवर औषधाचा फवारा आला. आई उठली, इंजिनापाशी गेली आणि तिनं ते बंद केलं. बागेत एकदम शांत झालं. झाडाखालून सगळे बघू लागले. चाचा लांबून येत होते, तेही थांबले.

"थोडाच उडालाय गो," बाबा म्हणाले. "झाड अर्ध्यावर हाय. चालू कर."

आईनं बादली पुढे सरकवली.

"धुऊन या," ती म्हणाली. "मग करते."